झालर एकसारखी येत नाही? मशीन उघडण्याआधी हे बघा

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते नीट ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं.

- चुण्या एकीकडे गच्च, दुसरीकडे कापड जवळजवळ सपाट.
- दोरा ओढताना मध्येच तुटतो, नाहीतर दोन-चार इंच सरकून अडकून बसतो.
- झालर जोडत आणली आणि शेवटी वीतभर उरली, किंवा वीतभर कमी पडली.
- जोडशिवणीत बारीक घड्या सापडल्या. सुलट बाजूनं त्या टाचल्यासारख्या दिसतात.
- झालर खाली पडायची सोडून वर उलटते.
- खालची कड सरळ राहत नाही, वेडीवाकडी हेलकावते.
- नवी असताना भरदार होती, पहिल्या धुण्यात चोळामोळा झाली.
- टाकाच धड पडत नाही, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यांत मशीनचा दोष क्वचितच निघतो. तरी आषाढ लागला, बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, झुली आणि पाठोपाठ मखराची कामं सुरू झाली, की सांगलीत मेकॅनिकच्या दारात रांग लागते. स्क्रू पिळून पिळून चांगलं मशीन बिघडवून आणणाऱ्याही असतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, नंतरच्यांना थोडे लागतात, आणि मशीन अगदी शेवटी.

नक्की काय हवं होतं?

हे कामाला हात लावण्याआधी विचारायचं. आपल्याकडे कडेला लोंबणारं काहीही झालर असतं: मखराची साटीनची पट्टी, बैलाच्या झुलीची गोंडेवाली कड, कुंचीच्या तोंडाभोवतीची बारीक पट्टी. फ्रॉकला किंवा उशीला लावली की तिचीच फ्रिल होते. शिवणाऱ्याला मात्र तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. दोरा ओढून कापड गोळा केलं तर चुण्या. मोजून, एका दिशेनं घडी घातली तर प्लेटा. आणि गोल कापून लावलेली फ्रिल, जिच्यात दोरा ओढायचाच नसतो.

एक वहिनी साटीन घेऊन आल्या होत्या. "ताई, मखराला झालर लावून द्या."
"चुण्यांची का प्लेटांची?"
"आता ते मला काय कळतंय ओ? शेजारच्यांच्याला होती तसली."

मोबाईलमधला फोटो मोठा करून बघितला तर प्लेटा होत्या, आणि कापड आणलेलं चुण्यांच्या हिशोबानं. एकीला एक लागून प्लेटा घालायच्या तर लांबीच्या तिप्पट कापड लागतं. चुण्यांचं दुपटीत भागतं. अशा कापडात प्लेटा घालायला गेलं की त्या विरळ पडतात आणि दोष शिवणाऱ्याच्या माथी येतो.

फोटोवरून ओळखायचं तर शिवणीजवळ बघा. घड्या सारख्या अंतरावर, एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर प्लेटा. लहानमोठ्या, कशाही असतील तर चुण्या. वरची कड अगदी सपाट आणि खाली मात्र घोळ असेल तर गोल फ्रिल.

टेप काढा

उरणं आणि कमी पडणं, दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा इथंच मिळतं. पॉपलिन, केंब्रिक अशा साध्या सुती कापडाला जिथं झालर लावायची त्या लांबीच्या दुप्पट पट्टी घ्या. व्हॉइल, जॉर्जेट, नेट यांना अडीच ते तीन पट, कारण पातळ कापड दुपटीत दुबळं दिसतं. झुलीचं जाड कापड किंवा मखमल दीडपटच. त्याहून जास्त घेतलं तर शिवणीत एवढा जाडपणा साठतो की सुई आत जात नाही.

उशीचं उदाहरण घेऊ. १७ बाय २७ इंचांचा अभ्रा, म्हणजे चारी बाजू मिळून ८८ इंच. दुप्पट केले की १७६. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर चार पट्ट्यांचे बरोबर १७६ होतात, आणि इथंच फसगत होते. पट्ट्यांचे जोड कापड खातात, कडेची किनार काढली की आणखी थोडं जातं. पाच पट्ट्या कापा. तीन इंचांची झालर हवी तर पट्टी चार इंच रुंद घ्या, म्हणजे खालच्या दुमडीला आणि वरच्या शिवणीला पुरेल. पाच पट्ट्यांचे २० इंच झाले. आता कापड पेठेत कापड मिळतं मीटरवर आणि आपण शिवतो इंचात. "अर्धा मीटर द्या" म्हणालात तर हातात येतात १९.७ इंच. पाचवी पट्टी पाव इंचाहून जास्त बारीक निघते आणि सगळी झालर तिच्या मापाला आणावी लागते. ६० सेंटीमीटर मागा.

चौथाईच्या खुणा

एकीकडे गच्च आणि दुसरीकडे सपाट या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: खुणा केलेल्या नसतात. एका टोकापासून जोडायला सुरुवात केली की हात नकळत सुरुवातीला चुण्या जास्त देतो, नंतर कापड संपेल या भीतीनं ओढून धरतो. डोळ्याला हे शिवताना दिसत नाही, इस्त्री झाल्यावर दिसतं.

पट्टीची आधी दोन घड्या, मग चार घड्या करा आणि प्रत्येक घडीवर खडूची खूण करा. कडेला छोटासा काप दिला तरी चालेल, तो मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कापडात, राहील एवढाच. मग जिथं लावायची ते अंगही तसंच चौथाईत वाटा. खूण खुणेला लावून टाचणी मारा आणि मगच दोरा ओढा. आता प्रत्येक चौथाईत कापड तेवढंच आहे, ते इकडून तिकडे पळू शकत नाही. काम लांबलचक असेल, मखराच्या पुढच्या कडेसारखं, तर आठ भाग करा.

अभ्र्याला पहिली खूण कुठल्याही एका बाजूच्या मध्यावर करा. म्हणजे बाकीच्या तिन्ही खुणा आपोआप इतर बाजूंच्या मध्यावर येतात आणि प्रत्येक चौथाईत एकच कोपरा पडतो. हे सोयीचं आहे, कारण कोपऱ्याला वेगळी वागणूक लागते. झालरीच्या बाहेरच्या कडेला वळणावर जास्त लांबी लागते. कोपऱ्यावर चुण्या सगळीकडच्या इतक्याच ठेवल्या तर तिथं झालर आखडते आणि अभ्र्याचा कोपरा वाटीसारखा आत वळतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या दीड-दीड इंचात चुण्या मुद्दाम दाटीनं ढकला. कोपरा टोकदार ठेवू नका, किंचित गोल करा.

कुंचीचं तोंड मात्र उलट. तिथं हनुवटीशी, बंदाच्या जवळ, चुण्या विरळ ठेवा. बाळाच्या गालाला घासणारी जाड शिवण आईच्या नाही, आजीच्या आधी लक्षात येते.

दोरा, टाका आणि दोन ओळी

दोरा तुटतो किंवा अडकतो? मग पुढच्या गोष्टी एकामागून एक बघा. सगळ्या फुकटच आहेत, फार तर एका रिळाचा खर्च.

टाका सर्वांत मोठा ठेवा, नव्या मशीनवर ४ किंवा ५. नेहमीच्या बारीक टाक्यावर कापड सरकायला जागाच नसते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल करा. असं केलं की खालचा, म्हणजे बॉबिनचा दोरा कापडाखाली सरळ पडून राहतो आणि वरचा त्याला नुसता वेढा देतो. म्हणून ओढायचा तो बॉबिनचाच दोरा. वरचा ओढाल तर प्रत्येक टाक्याला गाठ बसल्यासारखं होतं. कुठला दोरा कुठला हे कळत नसेल तर बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा दोरा भरा. तो जुना सुती नको, पॉलिस्टर घ्या. ओढण्याचा सगळा ताण त्याच्यावरच येतो.

सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप मारायची नाही. सवयीनं मारली जाते, मग दोरा हलत नाही, आणि हलला तर तुटतो. दोन्ही टोकांना वीतभर दोरा सोडा.

एका ओळीवर चुण्या काढायचा मोह आवरा. दोन ओळी मारा, पाव-पाव इंचाच्या अंतरानं: एक जोडशिवणीच्या रेघेच्या वर, एक खाली. मध्ये नेहमीची शिवण बसते. एका ओळीवर चुण्या फिरतात, तिरक्या होतात, आणि दोरा तुटला तर सगळंच सुटतं. दोन ओळींत कापड उभं आणि गुमानं राहतं, आणि एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. खालची ओळ जोडणी झाल्यावर काढून टाका. साटीन आणि रेशमावर मात्र दोन्ही ओळी मार्जिनमध्येच घ्या, कारण तिथं सुईची भोकं कायमची राहतात.

ओढायची पद्धतही बघा. डाव्या हाताच्या चिमटीत दोरा स्थिर धरायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं कापड दोऱ्यावरून पुढं सारायचं, थोडं थोडं, मधल्या खुणेपर्यंत. मग दुसऱ्या टोकाकडून तसंच. दोरा ओढायचा म्हणतात खरं, पण सरकवायचं असतं कापड. मीटरभर पट्टी एका टोकाकडून हिसका मारून ओढली की दोरा तुटणारच. लांब पट्टीवर चुण्यांची टीप चौथाईच्या खुणेपाशी तोडा आणि तिथून नवी सुरू करा.

कापड इतकं जाड असेल की दोऱ्याला ओढ सोसत नाही, तर मजबूत सुतळीसारखा जाड दोरा कापडावर आडवा ठेवा आणि त्याच्यावरून रुंद झिगझॅग मारा, सुई त्या दोऱ्यात न घुसवता. मग तो जाड दोरा ओढा. झुलीला हाच उपाय. नुसत्या सरळ टाक्याच्या मशीनवर हे जमणार नाही, तिथं हातानं धावदोरा घाला. हाताचा धावदोरा काही कमीपणाचा नाही. कुंचीसारख्या छोट्या कामाला तो मशीनपेक्षा लवकर होतो.

सुई बदला

काही रुपयांची वस्तू आहे, तरी वर्षवर्ष तीच चालते. बोथट सुई पातळ कापडाचा धागा ओढते आणि चुण्यांच्या ओळीत बारीक आडव्या रेघा उमटतात. व्हॉइल-जॉर्जेटला ११ नंबर, पॉपलिनला १४, जाडाला १६. सुई बसवताना तिची सपाट बाजू तुमच्या मशीनला जिकडे लागते तिकडेच आहे ना आणि ती वरपर्यंत टेकली आहे ना, हेही बघून घ्या.

कापड

आता थोडा खर्चाचा भाग, कारण इथं चूक निघाली तर पट्ट्या पुन्हा कापाव्या लागतात.

पट्टी पन्ह्यातून आडवी कापली आहे का? तशी कापली की उभे धागे झालरीत वरून खाली येतात. उभा धागा ताठ असतो, त्याच्या दिशेनं पडलेली चुणी सरळ खाली लोंबते. कापड वाचवायला पट्टी लांबीतून काढली की चुण्या फुगून उभ्या राहतात आणि झालर वर उलटायला बघते. काठाची झालर लांबीतूनच काढावी लागते, त्याला इलाज नाही. तिथं चुण्या थोड्या कमी ठेवा.

कड हेलकावत असेल तर पट्टी तिरकी, उरेब, निघाली का ते बघा. थोडंसं चिमटीत धरून ओढा: लवचिक वाटलं तर उरेबच. दुसरं कारण पिको. पातळ कापडाला पिको करताना कड ताणली गेली की ती कायमची लाटा मारते. कोणी कोणी ते हौसेनं करून घेतात, पण नको असेल तर पिकोवालीला आधीच सांगा, की कड ताणू नका. आणि पिको किंवा दुमड चुण्या काढण्याआधी. चुण्या काढल्यावर खालची कड शिवत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

गोल फ्रिलचं वेगळं. तिच्या आतल्या भोकाचा घेर हाच जोडायच्या जागेचा घेर. गळा १४ इंच असेल तर १४ भागिले ६.२८, म्हणजे साधारण सव्वादोन इंच त्रिज्या. पण ही शिवणीची रेघ झाली. मार्जिन अर्धा इंच असेल तर कापायचं पावणेदोन इंचांवर. सव्वादोनवरच कापलं तर भोक मोठं होतं, फ्रिल गळ्याला उरते, आणि मग उरलेलं कापड चुण्या घालून लपवलं जातं. शिवाय गोल फ्रिलचा काही भाग उरेबवर येतोच आणि तो लोंबून लांब होतो. जोडून झाली की एक दिवस हँगरला टांगून ठेवा, मग खालची कड सारखी कापून दुमडा.

धुण्यात झालर पडते त्यामागे खळ असते. विटा-इचलकरंजीच्या मागावरचं कापड असो की आणखी कुठलं, नव्या सुती कापडात ताठपणासाठी खळ राहिलेली असू शकते. दुकानात ते कडक लागतं, त्याची झालर मस्त फुगते, आणि पहिल्या पाण्यात खळ निघून जाते. शिवाय सुती कापड आटतं. अस्तर आटलं नाही आणि झालर आटली, किंवा उलट, की शिवण आखडते. कापण्याआधी सगळी कापडं भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मगच दुप्पट पुरेल की अडीचपट लागेल हे खरं कळतं. लाल झालर पांढऱ्या अभ्र्याला लावायची असेल तर रंग जातो का तेही त्याच पाण्यात समजतं.

जोडताना आणि इस्त्री करताना

बारीक घड्या शिवणीत सापडतात कारण झालर खाली आणि सपाट कापड वर ठेवून शिवलं जातं. झालर नेहमी वर, म्हणजे डोळ्यासमोर. टाका पुन्हा नेहमीच्या मापाचा, टेन्शन पुन्हा नेहमीचं. सुईच्या पुढं इंचभर कात्रीचं टोक ठेवून चुण्या उभ्या धरा, कारण मशीनचा पाय त्यांना पुढं लोटून आडवं पाडतो. सावकाश चालवा.

उलटणारी झालर बहुतेक वेळा दाबटिपेनं सरळ होते: मार्जिन झालरीपासून दूर, मुख्य कापडाकडे वळवा आणि सुलट बाजूनं कडेला एक टीप मारा. इस्त्री फक्त मार्जिनवर दाबायची. चुण्यांवर सपाट इस्त्री फिरवली की त्या मोडतात आणि मग त्या मोडीच पक्क्या होतात. इस्त्रीचं टोक खालच्या कडेकडून चुण्यांच्या आत घालायचं, शिवणीपाशी थांबायचं.

आता मशीन

एवढं करूनही टाका बिघडतोय तर मशीनकडे वळा. मोटर असेल तर आधी प्लग काढा. टाका तपासायला पॉपलिनचा दुहेरी तुकडा घ्या, हातातलं काम नको.

वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, मशीनचा पाय वर उचललेला असताना. वरखाली होणाऱ्या दांड्यातून दोरा गेलेला नसला की खाली गुंता होतो, आणि लोक बॉबिनला शिव्या देतात. मग कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांवरची पत्र्याची पट्टी काढा. सुती झालरी शिवून दात्यांमध्ये लोकरीसारखा कचरा घट्ट बसतो, मग दाते कापड पकडत नाहीत आणि टाका लहानमोठा पडतो. ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका, वाफेनं गंज धरतो. पावसाळ्यात तर नक्कीच. तेलाचे थेंब घातल्यावर आधी चिंधीवर शिवा. साटीनवर पडलेला तेलाचा डाग मखर उभारल्यावर दिव्यात चमकतो.

पायाचा दाब फार असेल तर वरचं कापड पुढं लोटलं जातं. वरचा स्क्रू थोडा सैल करून बघा. बॉबिन केसचा स्क्रू मात्र एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि फिरवण्याआधी तो कुठं होता त्याचा फोटो काढा.

झालरीचंच काम सतत असेल तर फ्रिल काढणारी जोडणी घेता येते. मोठी, दांड्याची जोडणी प्रत्येक टाक्याला, सहा टाक्यांना किंवा बारा टाक्यांना एक घडी घालते. नीट बघा, ती घडी घालते, म्हणजे बारीक प्लेट, चुणी नव्हे. मखराला छान, फ्रॉकच्या मऊ फ्रिलला ताठ वाटते. विकत घेण्याआधी तुमच्या मशीनच्या दांड्याला बसते का हे मशीन दाखवूनच विचारा. ओव्हरलॉक मशीनवर पुढचे आणि मागचे दाते वेगवेगळ्या वेगानं चालवायची सोय असेल तर ती २ वर नेली की पातळ कापड आपोआप गोळा होतं. जाड कापडाला ते पुरत नाही.

इथं थांबा

नवी सुई, नवा दोरा, साफ दाते, एवढं होऊनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटल, म्हणजे खाली वरचा दोरा पकडणारा भाग, यांचा मेळ चुकला आहे. तो घरी बसवायचा नसतो. सुई पत्र्यावर आपटत असेल, चाक हातानं फिरवताना अडत असेल, शटलच्या टोकाला ओरखडा दिसत असेल, तर एकही टाका पुढं घालू नका. मोटरमधून जळका वास आला तर प्लग काढा आणि परत लावू नका. हे सगळं मेकॅनिकचं काम. तो येईल तेव्हा चिंधीवरचा बिघडलेला टाका, दोन्ही बाजूंनी दिसेल असा, आणि वापरलेली सुई त्याला दाखवा. "नीट शिवत नाही" या तीन शब्दांवर त्याला पहिला अर्धा तास शोधण्यातच घालवावा लागतो. भाद्रपदाच्या तोंडावर तो मिळत नाही, तेव्हा सर्व्हिसिंग आषाढाआधीच करून घ्या.

आणि काही कापडांवर मशीन चांगलं असलं तरी हात आखडता घ्या. पैठणीचा पदर, आजीची रेशमी कुंची, जुन्या खणाचा परकर. असल्या कापडाचे धागे चिमटीत धरल्यावर सुटत असतील तर त्यात दोरा घालून ओढू नका, ते ओळीवर फाटेल. जुनं रेशीम हाताळणाऱ्या कारागिराकडे द्या. झालर उसवायचीच असेल तर त्यालाच उसवू द्या.